मेसेजच्या मंडळीतून बाहेर पडताना : माझा अनुभव

मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडली म्हटल्यावर आमच्याकडं पहिला प्रश्न येतो तो म्हणजे मग आता देवालाच सोडलंस की काय. नाही सोडलं. मी आजही येशूला मानते, रात्री मुलांना घेऊन प्रार्थना करते, पवित्र शास्त्र वाचते, उलट आधीपेक्षा जास्त वाचते. मी सोडलं ते विल्यम ब्रॅनहॅम या अमेरिकन प्रचारकाला देवाचा शेवटचा संदेष्टा मानणं. त्यांच्या शिकवणीला आतली माणसं नुसतं ‘मेसेज’ म्हणतात, आम्ही पण तेच म्हणायचो, मेसेजमध्ये आहे, मेसेजमधून गेला. बेळगावात आमची मंडळी एका घराच्या वरच्या मजल्यावर भरायची, अर्धी कानडी अर्धी मराठी, खानापूर निपाणीकडनं पण लोक यायचे. मंडळीचं आणि तिथल्या ब्रदरांचं, म्हणजे मंडळी चालवणाऱ्यांचं, नाव मी लिहिणार नाही, कारण माझी आई अजून तिथं जाते.

आमचं घर मूळचं मेथडिस्ट, म्हणजे एका जुन्या प्रोटेस्टंट पंथाचं. बेळगावात लंडन मिशनचे मिशनरी १८२० ला आले आणि १९०४ च्या सुमारास ते काम मेथडिस्टांकडं गेलं, त्या जुन्या घरांपैकी आमचं एक. लहानपणी आजीबरोबर मराठी उपासनेला जायचं, उपासना संगीत या गाण्यांच्या पुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी पाठ. मग पप्पा आजारी पडले, बरेच दिवस दवाखान्यात होते, आणि तेव्हा या मंडळीतले ब्रदर रोज यायचे. हे मुद्दाम सांगते कारण बाहेरच्यांना वाटतं असल्या गटात माणसं बावळट असतात म्हणून जातात. तसं नसतं ओ. रात्री पप्पांच्या उशाला बसणारे तेच होते, डबा आणणारे तेच, रक्त द्यायला दोघे पोरगे तेच आणून उभे केले. पप्पा गेले पण ते प्रेम घरात राहिलं, आणि वर्षाच्या आत आम्ही सगळ्यांनी परत बाप्तिस्मा घेतला, यावेळी फक्त येशूच्या नावानं, कारण पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं म्हणून घेतलेला बाप्तिस्मा चालत नाही असं शिकवलं गेलं. त्र्यैक्य, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एक देव, हे खोटं, सगळ्या पंथांची मंडळी म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या बाबेलच्या वेश्येच्या मुली, आणि पंथाचं सभासदत्व म्हणजेच तिथली श्वापदाची, सैतानाच्या माणसांची, खूण. आजी ज्या चर्चमध्ये आयुष्यभर गेली त्या चर्चबद्दल हे ऐकताना माझ्या पोटात कालवायचं पण मी गप्प बसायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रॅनहॅम १९०९ ला अमेरिकेतल्या केंटकीत जन्मले, राहिले इंडियाना राज्यातल्या जेफरसनविलमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर रोग बरे करण्याच्या मोठ्या सभांमुळे प्रसिद्ध झाले, आणि १९६५ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये गाडीच्या अपघातानंतर वारले. त्यांची हजाराच्या वर प्रवचनं टेपवर आहेत आणि मंडळीत तीच चालतात, वर दुभाषी बसतो. मंडळीच्या इतिहासाची सात युगं, प्रत्येक युगाचा एक दूत, पहिला पौल, सहावा वेस्ली, आणि सातव्या शेवटच्या युगाचा दूत म्हणजे ब्रॅनहॅम. पवित्र शास्त्रातल्या मलाखीच्या पुस्तकात जो एलिया संदेष्टा येणार म्हटलंय तो पण तेच. प्रत्येक घराच्या भिंतीवर १९५० चा ह्यूस्टनचा फोटो, त्यात त्यांच्या डोक्यावर प्रकाशाची रेघ दिसते. सरकारी तज्ञानं तो देवदूत आहे म्हणून सही केली असं आम्हाला सांगितलं होतं. तपासणाऱ्यानं लिहिलंय ते एवढंच की निगेटिव्हमध्ये छेडछाड नाही आणि फिल्मवर प्रकाश पडलेला आहे. आणि तो माणूस सरकारी नव्हताच, खाजगी तपासनीस होता.

माझा पहिला खरा प्रश्न फोटोवरनं नाही आला, धाकट्या बहिणीच्या केसांवरनं आला. तिला टायफॉइड झाला, केस पुंजके पुंजके गळायला लागले, डॉक्टर म्हणाले कापून टाका परत येतील, आईनं कापले खांद्यापर्यंत. मेसेजमध्ये बाईनं केस कापणं हे मोठं पाप, ब्रॅनहॅमनी तर केस कापणाऱ्या बायकोला नवऱ्यानं सोडायला हरकत नाही असंही शिकवलंय. रविवारी ब्रदरांनी तिला पुढं गाणं म्हणायचं बंद केलं, आणि नंतर तिच्या ठरलेल्या सोयरिकीच्या घरी कुणीतरी कळवलं, ते पण मंडळीतलेच, त्यांनी नकार दिला. मी ब्रदरांना जाऊन म्हटलं, ब्रदर ती आजारी होती की ओ, तुम्हीच तिच्यासाठी प्रार्थना केलीत. ते म्हणाले, सिस्टर, वचन परिस्थिती बघत नाही.

घरी येऊन मी ‘लग्न आणि घटस्फोट’ हे १९६५ च्या फेब्रुवारीतलं प्रवचन पूर्ण वाचायला घेतलं, आतापर्यंत दुभाषी जेवढं सांगेल तेवढंच कानावर यायचं. त्यात काय आहे तर बाई ही देवाच्या मूळ निर्मितीत नव्हतीच, ती पुरुषापासून नंतर काढलेली, आणि फसवणुकीसाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. पुरुषाला बायको सोडून परत लग्न करता येतं, बाईला नाही. एदेन बागेतलं पाप म्हणजे हव्वेचा सर्पाशी संबंध आणि तिचा मुलगा काइन हा सर्पाचा, ही शिकवण आम्हाला माहीत होती, पण ती ऐकताना कधी असं वाटलं नव्हतं की ही माझ्या आईबद्दल, बहिणीबद्दल, माझ्या मुलीबद्दल चाललंय. ते प्रवचन वाचून मी रात्रभर जागी होते. राग बहिणीच्या लग्नाचा होताच पण त्याहून जास्त हा, की हे सगळं येशूच्या तोंडी घातलं जातंय, ज्यानं विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी, जिच्या लोकांना यहुदी टाळायचे, बसून बोलणं केलं.

मग तपासायला लागले. एकटीनं जमलं नसतं. मंडळीतून आधी बाहेर पडलेले निपाणीचे एक काका होते, त्यांच्याशी बोलू नका म्हणून आम्हाला सक्त ताकीद होती, त्यांना फोन केला. त्यांनी गोकाककडच्या एका अक्कांशी गाठ घालून दिली, त्या कानडीत बोलायच्या आणि मी मराठीत, आमचं छान चालायचं. अमेरिकेत पण बाहेर पडलेल्यांनी खूप काम केलंय, त्यात जॉन कॉलिन्स म्हणून आहेत, ब्रॅनहॅमच्याच चर्चचे पुढचे पाळक विलार्ड कॉलिन्स यांचे नातू, म्हणजे अगदी घरातला माणूस. काकांनी एक शिस्त लावली होती, कुणी काय म्हणतं ते सोड, आधी ब्रॅनहॅम स्वतः काय बोलले ते तारखेसकट लिही, मग त्या दिवशीचा बाहेरचा कागद शोध.

ढगाचं प्रकरण असंच उलगडलं. २८ फेब्रुवारी १९६३ ला ॲरिझोनात फ्लॅगस्टाफच्या आसपास संध्याकाळी गोल कड्यासारखा ढग दिसला, लाइफ मासिकात फोटो आला. ब्रॅनहॅम सांगायचे की मी शिकारीला डोंगरावर होतो, सात देवदूत आले, ते वर गेले तो हा ढग, आणि त्यानंतर मार्चमध्ये त्यांनी प्रकटीकरणातल्या सात शिक्क्यांवरची प्रवचनं केली. आमच्याकडं मेसेजचा सगळा पाया यावर उभा. पण त्या भागातला रानडुकरांच्या शिकारीचा हंगामच १ मार्चला सुरू झाला, ते शिकारीला गेले मार्चमध्ये, ढग आला त्याच्या आधी. आणि त्याच २८ तारखेला कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरनं सोडलेलं थॉर रॉकेट बिघडलं म्हणून हवेतच उडवून द्यावं लागलं होतं, ढग त्याचाच असावा असं म्हणतात. हे कळल्यावर मी वही मिटून नुसती बसून राहिले, कारण यात अर्थ लावायला जागाच नव्हती, तारीख म्हणजे तारीख.

पुलाचं पण तसंच. लहानपणी ब्रॅनहॅमना दर्शनात ओहायो नदीवरचा पूल दिसला आणि तो बांधताना १६ माणसं पडून मरताना दिसली, ते सगळं खरं झालं असं ते सांगायचे. जेफरसनविल आणि लुईव्हिलमधला तो पूल १९२९ ला रहदारीला खुला झाला, पण त्या वेळच्या वर्तमानपत्रात १६ माणसं मेल्याची बातमी शोधणाऱ्यांना मिळाली नाही. मोठ्या अमेरिकन शहराजवळ १६ कामगार मेले तर बातमी येणार नाही असं होईल का. आणि १९७७, त्या सालापर्यंत जगाची व्यवस्था संपून येशूचं हजार वर्षांचं राज्य येईल असं त्यांनी सांगितलं होतं. मी जन्मलेच त्यानंतर कितीतरी वर्षांनी. ब्रदर म्हणतात तो त्यांचा स्वतःचा अंदाज होता, देवाचं वचन नव्हतं. मग त्यांच्या बाकीच्या बोलण्यातलं कुठलं अंदाज आणि कुठलं वचन हे कोण ठरवणार, तर तेच ब्रदर.

मुंबईची गोष्ट आम्हा मराठी लोकांना जास्त जवळची. ब्रॅनहॅम १९५४ च्या सप्टेंबरात खरंच मुंबईला आले होते. पुढे ते सांगत राहिले की तिथं पाच लाख लोक होते आणि एका आंधळ्याला दृष्टी आली. आमच्याकडं प्रत्येक कन्व्हेन्शनला ही साक्ष व्हायची, संदेष्टा आपल्या भूमीवर चालला म्हणून बायका रडायच्या. निपाणीच्या काकांनी भर सभेत विचारलं होतं की तो दृष्टी आलेला माणूस कोण, राहायला कुठं, त्याच्या घरचं कुणी मेसेजमध्ये आहे का, मुंबई काय लांब आहे, जाऊन भेटून येतो. कुठल्याच ब्रदरला सांगता आलं नाही, आणि पुढच्या महिन्यात काकांना मंडळीतून काढलं.

मी सगळं वहीत लिहून ब्रदरांकडं गेले. सोबत माझे मिस्टर होते, ते तेव्हा अजून पूर्ण पटलेले नव्हते पण म्हणाले तू एकटी जाऊ नको. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय काढला, संदेष्ट्यानं सांगितलेलं घडलं नाही तर त्याला भिऊ नका हे तिथंच आहे. थेस्सलनीकाच्या पत्रातलं सगळ्या गोष्टींची पारख करा हे पण वाचलं. ब्रदरांनी वही हातात घेतली नाही. त्यांनी मोशेची बहीण मिर्याम हिची गोष्ट सांगितली, मोशेविरुद्ध बोलली म्हणून तिला कोड फुटलं, आणि माझ्या मिस्टरांकडं बघून विचारलं की घरात डोकं कोण आहे. मला वाटतं तिथं आमचं ठरलं, मिस्टरांचं जास्त, कारण तारखांना उत्तर मागितलं होतं आणि उत्तरादाखल शाप मिळत होता. जिना उतरताना ते म्हणाले, चुकीचं असतं तर त्यांनी चूक दाखवली असती.

पुढचे महिने जड गेले. ज्या बायकांनी माझी बाळंतपणं केली त्या शनिवार खूटच्या बाजारात समोर आल्या तरी तोंड फिरवायच्या. आईनं आमच्याकडं जेवणं बंद केलं. मुलाला ताप आला की मनात यायचंच, शाप लागला का, आणि हे बुद्धीला पटत नसताना यायचं. गोकाकच्या अक्का म्हणाल्या हे सगळ्यांना होतं, वर्ष दोन वर्ष जातं, तापावर औषध दे आणि झोप. त्यांचा तो कोरडा सल्ला मला फार उपयोगी पडला.

दुसरा त्रास बाहेरून आला, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. २०२१ च्या डिसेंबरात इथंच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, तेव्हापासून इथले छोटे ख्रिस्ती गट घाबरून आहेत. आम्ही बाहेर पडल्याचं कळल्यावर गल्लीतले काही लोक घरी आले, म्हणाले तुम्हाला फसवून जबरदस्तीनं धर्मांतर केलं अशी तक्रार द्या, आम्ही पाठीशी आहोत. मी नाही म्हटलं. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, आणि मंडळीत कुणी जबरदस्तीनं नेलं नव्हतं, पप्पांच्या उशाला बसलेल्या माणसांवर खोटी केस घालणार नाही. त्यांची शिकवण चूक आहे हे मी ओरडून सांगेन, पण पोलिसांना काय सांगायचं ते खरं असलं पाहिजे. यावरनं आमच्या बाहेर पडलेल्यांमध्ये पण भांडण झालं, एकजण अजून माझ्याशी बोलत नाही.

शेवटी आम्ही जुन्या चर्चच्या पाळकसाहेबांना भेटलो. मला भीती की आता परत बाप्तिस्मा घ्या म्हणतील. ते म्हणाले, तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा आमच्या वहीत आहे, तो एकदाच होतो, ये आणि प्रभुभोजन घे. बहिणीचं लग्न पण त्याच चर्चमध्ये झालं, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे नोंद करून, मुलगा हुबळीचा, त्याला केसांची गोष्ट आधीच सांगितली होती. आई लग्नाला आली. मागच्या बाकावर बसली, प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत, पण आली, आणि आता महिन्यातनं एकदा दोनदा जेवायला येते. तिच्याशी मी मेसेजवर वाद घालत नाही, ती विचारते तेवढंच सांगते. परवा तिनंच विचारलं की १९७७ चं खरं काय आहे गं.

आम्ही बाहेर पडलेले अधूनमधून टिळकवाडीत एकाच्या घरी जमतो. एक प्रवचन घ्यायचं, पूर्ण वाचायचं, कानडीवाल्यांना कानडीत सांगायचं आणि शास्त्र शेजारी उघडून ठेवायचं. पुढच्या वेळी सात युगांच्या दूतांचं घ्यायचंय. मंडळीत अजून असलेले दोघेजण पण येऊन बसतात, त्यांची नावं आम्ही विचारत नाही, आणि मंडळी सोडा असं त्यांना कुणीच म्हणत नाही.