बग कळवताना समोरच्याचा वेळ वाचवा

'ॲप चालत नाही' एवढ्या तक्रारीवर डेव्हलपरला काहीच करता येत नाही. तोच बिघाड, म्हणजे बग, स्वतःच्या मशीनवर घडवून पाहता आला, तरच त्याला हात घालता येतो. ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर नोकरी सांभाळून उरलेल्या तासाभरात फुकट काम करणाऱ्या माणसाचा तो तास नुसती माहिती विचारण्यात जाऊ नये.

'लेटेस्ट' म्हणजे आवृत्ती नव्हे. महिन्याभरात ते जुनं होतं. पूर्ण आकडा द्या, ऑपरेटिंग सिस्टिमचाही. सॉफ्टवेअर कुठून घेतलं तेही सांगा, कारण लिनक्स डिस्ट्रिब्युशनच्या (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाच्या) पॅकेजमध्ये त्यांचे स्वतःचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, असू शकतात आणि बग मूळ प्रोजेक्टमध्ये नसेलही. डेबियनवर रिपोर्टबग हा बग कळवायचा प्रोग्रॅम ही माहिती आपोआप जोडतो.

खरी मेहनत बग लहान करण्यात आहे. समजा, ४० पानांचा दस्तऐवज पीडीएफ करताना प्रोग्रॅम क्रॅश होतो. कॉपी करून निम्मी पानं उडवा. अजून क्रॅश होतो? उरलेल्यातली निम्मी उडवा. क्रॅश व्हायचा थांबला, तर उडवलेला अर्धा भाग तपासा. पाच-सहा फेऱ्यांत बहुधा एकच टेबल किंवा एकच चित्र हाती उरतं. ती छोटी फाइल जोडा, कुठलं बटण कोणत्या क्रमाने दाबलं ते लिहा, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं तेही लिहा. आधीच्या आवृत्तीत हे चालत असेल आणि सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार (बिल्ड) करता येत असेल, तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची बायसेक्ट ही आज्ञा हीच युक्ती कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या एकेका बदलावर, चालवते: १००० कमिटमधून दोषी कमिट साधारण १० चाचण्यांत सापडतो. असा रिपोर्ट म्हणजे अर्धी दुरुस्तीच.

एररचा मजकूर कॉपी करूनच द्या. स्क्रीनशॉटमधला मजकूर शोधता येत नाही. लॉगमधून (प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदींतून) पासवर्ड आणि टोकन (पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या) आधी काढा. एका रिपोर्टमध्ये एकच बग. तोच बग आधी कुणी नोंदवला असेल, तर 'मलाही' लिहू नका. त्या धाग्यावरच्या सगळ्यांना ईमेल जातो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर २०१६ पासून त्यासाठी अंगठ्याची खूण आहे. सुरक्षेतली त्रुटी मात्र उघड्यावर मांडू नका, प्रोजेक्टच्या सिक्युरिटी पत्त्यावर खाजगीत पाठवा.

डेव्हलपरनेही काही पाळायला हवं. 'माझ्याकडे होत नाही' म्हणताना कोणत्या आवृत्तीवर पाहिलं ते सांगावं. दुरुस्त करायचं नसेल, तर कारणाची एक ओळ लिहून बंद करावं. तो निर्णय घ्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण कुणीही न वाचलेला, नीट लिहिलेला रिपोर्ट 'बरेच दिवस हालचाल नाही' म्हणून बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) बंद करणं मला अजिबात पटत नाही. बग तिथेच असतो, फक्त पुन्हा कळवणारा माणूस निघून जातो.

आणि दुरुस्ती आली की ती चालवून पाहा, कोणत्या बिल्डवर तपासलं ते त्याच रिपोर्टखाली लिहा. हे फार कमी जण करतात.