जूनमध्ये आणलेलं पिंप

आमच्या रो-हाऊसच्या मागे जेमतेम दहा बाय आठचं अंगण आहे. त्यातली निम्मी जागा कपड्यांच्या दोऱ्या आणि तुळशीवृंदावन यांनी धरलेली. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला खड्डा खणायचा तर शहाबादी फरशी उचकटावी लागली असती, म्हणून कंपोस्ट टंबलर, म्हणजे खताचं फिरतं पिंप मागवलं. स्टँडवर आडवं बसवलेलं काळं पिंप, मध्ये पडदा, दोन कप्पे, मिळून 140 लिटर. एक कप्पा भरत जायचा, भरला की तो तसाच मुरू द्यायचा आणि दुसरा सुरू करायचा. जोडणीत दोन संध्याकाळी गेल्या, त्यात दोन नट कमी निघाले. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "स्लॅब टाकताय का?" तेव्हापासून घरात त्याचं नाव मिक्सर.

हे सगळं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. माझी मोठी चूक हीच, पण ती कळायला ऑगस्ट उजाडला.

रोज सकाळी भाजीची देठं, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, केळीच्या साली असं सगळं आत टाकायचं आणि पिंप दहा-बारा वेळा गरगर फिरवायचं. फिरवलं की खत होतं, अशी माझी समजूत. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर आत खत नव्हतं, लाडू होते. लिंबाएवढे, काही नारळाएवढे, काळे, चिकट, आणि वास थेट सडक्या अंड्यांचा. एक लाडू फोडला तर आत मेथीची पानं जशीच्या तशी हिरवी. खालच्या भोकांतून तपकिरी पाणी ठिबकून फरशीवर डाग पडला, तो अजून गेलेला नाही. ते पाणी झाडांना चांगलं म्हणून मी मोगऱ्याला तसंच घातलं. आठवड्यात मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. (आता दहापट पाणी मिसळते, तेही फक्त फुलझाडांना.)

सासूबाई निफाडकडच्या. त्या हे सगळं खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, आमच्या उकिरड्याला कोणी फिरवत नव्हतं. पण त्यात कडबा पडायचा, राख पडायची, पाचोळा पडायचा. तू नुसती भाजी कोंबतीयेस."

मला तिथे उलगडलं. उकिरड्यातलं जास्तीचं पाणी खाली जमिनीत जिरतं. प्लास्टिकच्या पिंपात ते जाणार कुठे? भाजीत पाणीच जास्त, त्यात गोलगोल फिरवणं, म्हणजे कणीक तिंबल्यासारखंच. आत हवा शिरत नाही, आणि हवा नसली की सडका वास येतो. त्याला तोडीस तोड कोरडं हवं. आणि कोरडं आणायचं कुठून? बदामाची, गुलमोहराची पानं उन्हाळ्याआधी ढिगाने पडतात, तेव्हा आपण ती घंटागाडीत टाकतो. जुलैत नाशिकमध्ये कोरडं पान औषधालाही सापडत नाही. रस्त्यावरची पानं गोळा करून आणली तर तीही चिंब.

मग पुठ्ठे. किराणा दुकानदाराकडून खोकी आणायची, चिकटपट्टी सोलायची, बोटभर रुंदीचे तुकडे फाडायचे. टीव्ही बघता बघता हे काम होतं, फक्त सोफ्याखाली महिनाभर पुठ्ठ्याचा कीस सापडत राहतो. वखारीतून लाकडाचा भुसा आणला, तो मूठ-दोन मुठीच घालते, कारण जास्त झाला की त्याचाच थर बसतो. फर्निचरवाल्याकडचा प्लायवूडचा भुसा मात्र फुकट मिळत असूनही घेतला नाही, त्यात गोंद असतो.

एका रविवारी अख्खा कप्पा जुन्या ताडपत्रीवर ओतला, नाकाला पदर बांधला आणि लाडू हाताने फोडले. पुठ्ठा मिसळून परत भरलं. आता माप साधं आहे: ओला एक डबा, कोरडं दीड डबा. मूठभर उचलून आवळायचं. बोटांतून पाणी निघालं तर पुठ्ठा वाढवायचा, भुगा होऊन सांडलं तर पाण्याचा हबका. फिरवणंही कमी केलं, दोन-तीन दिवसांनी चार-पाच फेरे. सारखं फिरवलं की आतली ऊब उडून जाते. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर वाफ आली! सासूबाईंनी हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "हं, आता तापलं." एवढी शाबासकी पुरे.

पावसात त्यात पांढुरक्या-करड्या जाड अळ्या झाल्या. मी किंचाळले, नंतर वाचलं की त्या एका काळ्या माशीच्या अळ्या, कचरा झपाट्याने फस्त करतात आणि ती माशी घरातल्या अन्नावर बसत नाही. राहू दिल्या. चिलटांचं वेगळं. द्राक्षाच्या हंगामात किलोभर गळके मणी उघडेच टाकले आणि स्वयंपाकघरापर्यंत चिलटं आली. आता फळ पडलं की वर लगेच कोरड्याचा थर.

पहिला कप्पा सप्टेंबरात भरला. दिवाळीनंतर गारठा पडला, इथे तो पडतोही चांगलाच, आणि काम मंदावलं. छोटं पिंप ऊब धरून ठेवत नाही. जानेवारीअखेर काढलं आणि रेती चाळायच्या चाळणीतून चाळलं. शिगोशिग भरलेल्या कप्प्याचं खत निघालं दोन घमेली, चाळणीवर उरल्या आंब्याच्या कोयी आणि मक्याची बुरकुंडं. ती परत आत. खत पिकलं का हे बघायला एका वाटीत ते, एका वाटीत साधी माती घेऊन दोन्हींत मेथी पेरली. कच्च्या खतात बी नीट उगवत नाही. चौथ्या दिवशी दोन्ही वाट्या सारख्याच हिरव्या.

यंदा फेब्रुवारीपासून कॉलनीतली पानं पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली, सहा पोती. यजमानांची स्कूटर आता बाहेर उभी असते, त्यावर रोज एक वाक्य ऐकते.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. पिंप बी मारण्याइतकं फार काळ तापत नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत खत घातलं आणि तिथे टोमॅटोची सात रोपं आणि एक डांगराचा वेल उगवला. रोपं मी उपटली. वेलाला सासूबाईंनी हात लावू दिला नाही. तो आता काकूंच्या भिंतीवर चढलाय, पहिलं डांगर त्यांच्या बाजूला लटकतंय, आणि ते कोणाचं यावर अजून दोन्हीकडून कोणी काही बोललेलं नाही.