मोटर लावली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आहे. मेंटेनन्सची बिलं, नोटिसा, सभेची इतिवृत्तं, भाडेकरूंच्या नोंदी, सगळं त्याच्यावरच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. सप्टेंबरअखेरची वार्षिक सभा तेव्हा नुकतीच आटोपली होती, कमिटीला जरा उसंत होती, त्यामुळे नवीन मशीन घ्यायचं का हा विषय निघाला. खजिनदार काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आहे त्याला काय झालंय?"

तसं काहीच झालं नव्हतं. प्रोसेसर आय३-८१००, म्हणजे इंटेलची आठवी पिढी. विंडोज ११ ला इंटेलमध्ये याच पिढीपासून प्रवेश आहे, त्यामुळे आमचं मशीन काठावर पास. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिपही लागते. ती वेगळी बोर्डवर नव्हती, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेल पीटीटी नावाचा पर्याय चालू केला की ती अट भागते. मग ठरलं की जुन्या हार्डडिस्कवरचा डेटा बाजूला काढायचा, २५६ जीबीची एसएसडी टाकायची, ४ जीबी रॅमच्या जोडीला ८ जीबीची स्टिक लावायची आणि विंडोज ११ कोरं टाकायचं. कमिटीत कॉम्प्युटरचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं, तसं हेही आलं.

रविवारी सकाळी बसलो. पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने घरीच तयार केला होता. भाषा निवडली, एसएसडी निवडली, टक्के चढायला लागले. तिसाच्या आसपास स्क्रीन काळी, बोर्डाच्या कंपनीचा लोगो, आणि पुन्हा भाषा निवडायचा पडदा.

इथे एक गोष्ट आधी बाजूला काढायला हवी, कारण बरेच जण इथेच गोंधळतात. विंडोज टाकताना मशीन स्वतःहून रीस्टार्ट होतंच. 'तुमचा पीसी काही वेळा रीस्टार्ट होईल' असं स्क्रीनवर लिहिलेलंही असतं. फाइल्स एसएसडीवर उतरल्या की पहिला रीस्टार्ट, आणि त्यानंतरचं काम एसएसडीवरून चालतं. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे मशीनने कशावरून सुरू व्हायचं त्या क्रमात, पेनड्राइव्ह वर असेल तर त्या रीस्टार्टनंतर मशीन परत पेनड्राइव्हवरून सुरू होतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटतं. तो बिघाड नाहीच. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घेतला किंवा बूट ऑर्डर बदलली की प्रश्न मिटतो. आमच्याकडे मात्र फाइल्स उतरायच्या आतच मशीन कोसळत होतं, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. कधी विसावर, कधी साठाच्या पुढे.

हे 'दर वेळी वेगळ्या ठिकाणी' मला फार महत्त्वाचं वाटलं. नेमक्या एकाच टक्क्यावर अडकत असेल तर माझा पहिला संशय पेनड्राइव्हवर किंवा त्यावरच्या फाइलवर जातो. जागा बदलत असेल तर संशय हार्डवेअरवर. मी ऑफिसातल्याच एका जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर वेळ, टक्के आणि काय दिसलं ते लिहायला लागलो. मोबाइल समोर टेकवून व्हिडिओही चालू ठेवला, कारण निळी स्क्रीन क्षणभरच येऊन जाते आणि आपण नेमके तेव्हा चहाच्या कपाकडे बघत असतो. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. निळी स्क्रीन नाही, कसलाही एरर कोड नाही. एका फ्रेममध्ये टक्के, पुढच्या फ्रेममध्ये काळोख. विंडोजला काही सांगायचं असतं तर तिने निळ्या स्क्रीनवर सांगितलं असतं. इथे तिच्या पायाखालची जमीनच गेली होती.

एकदा मात्र इन्स्टॉल पहिला टप्पा पार करून पुढे गेलं, आणि तिथे कोसळल्यावर वेगळाच निरोप आला: कॉम्प्युटर अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला, इन्स्टॉलेशन पुढे जाऊ शकत नाही. या निरोपावर एक तोडगा सगळीकडे सांगितला जातो. शिफ्ट आणि एफ१० दाबायचं, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगची नोंदवही, उघडायची, तिच्यातल्या चाइल्डकम्प्लीशनमध्ये सेटअपची किंमत १ ची ३ करायची. मी तो केला नाही. त्याने सेटअपला फक्त असं पटवलं जातं की मागचं काम नीट संपलंय. मधेच वीज तुटून अर्धवट राहिलेल्या सिस्टमवर सोसायटीचे हिशेब ठेवायला माझं मन धजत नाही. सगळी पार्टिशन पुसून पहिल्यापासून सुरुवात केलेली बरी.

दुपारी वॉचमन चावी द्यायला आला, उभा राहून बघत होता, आणि म्हणाला, "साहेब, मोटर लावली की होतं हे. मागे बिलं काढतानापण झालं होतं."

आमचं ऑफिस पंपरूमला लागून आहे. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटर सुरू झाली की ऑफिसातली ट्यूबलाइट डोळा मिचकावते, हे मीही पाहिलेलं. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि तेवढ्यापुरतं व्होल्टेज बसतं. कागद काढून बघितला तर सकाळच्या दोन नोंदी खरोखर मोटरच्या वेळेला जुळत होत्या. पण बाकीच्या जुळत नव्हत्या, भर दुपारी मोटर बंद असतानाही मशीन बसलं होतं. खजिनदार काकांनी तेवढ्यात निष्कर्ष काढून टाकला होता की एसएसडी परत करायची आणि मोटरला नवा स्टार्टर बसवायचा. त्यांना जरा थोपवलं.

मग एकेक संशयित घेतला. आधी नवी रॅम, कारण मशीनमध्ये बदललेल्या दोन गोष्टींपैकी ती एक. ८ जीबीची स्टिक काढली, जुन्या ४ जीबीवर इन्स्टॉल चालू केलं. ४ जीबी ही विंडोज ११ ची किमान मर्यादाच आहे, त्यामुळे चालायला हरकत नव्हती. तरी कोसळलं. मग दोन्ही स्टिक लावून मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावला आणि रात्रभर चालू ठेवला. हे मोफत मिळतं आणि ऑपरेटिंग सिस्टमशिवाय चालतं. सकाळी चुकीची एकही लाल ओळ नव्हती. रॅम सुटली. तशी रॅमची एक साधी खोडही असते, स्लॉटमध्ये नीट न बसण्याची, त्यासाठी सोनेरी कडा मऊ खोडरबराने पुसून दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबून घेतलं होतं.

उष्णतेचा संशय फार टिकला नाही. सीपीयूच्या फॅनवर जाडसर राखाडी थर होता, तो ब्रशने काढला, हीटसिंकचे चार प्लास्टिकचे खुंट तिरपे-समोरासमोर दाबून पाहिले, पेस्ट बदलली. बायॉसमध्ये तापमान चाळिशीच्या आत. शिवाय प्रोसेसर तापला की आधी तो वेग कमी करतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद पडतं. आमचं बंद पडत नव्हतं, पुन्हा सुरू होत होतं.

आता विंडोजचा काही दोष आहे का, हे एकदाचं ठरवायचं होतं. एसएसडी आणि जुनी हार्डडिस्क, दोन्हींच्या केबल काढल्या. दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टम टाकून त्यावरूनच मशीन चालू केलं. मिंट इन्स्टॉल न करता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालतं, त्यामुळे अशा वेळी त्याच्याइतकं उपयोगाचं काही नाही. नुसतं डेस्कटॉप उघडून ठेवलं तर तासभर निवांत. मग टर्मिनलमधून ओपनएसएसएलची स्पीड टेस्ट, जी प्रोसेसरला पूर्ण राबवते, त्याच्या चारही कोअरवर सोडली. थोड्याच वेळात काळी स्क्रीन, लोगो. विंडोज नाही, एसएसडी नाही, सेटअप नाही, तरी तेच. विंडोज सुटली.

राहिला एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज मशीनला लागेल तशी करून पुरवणारा डबा. हा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, लेबलवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनसमोर १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट, आणि आजच्या मशीनमधलं प्रोसेसरचं सगळं ओझं याच लाइनवर असतं. एसएमपीएस घेताना मोठा आकडा वाचू नका, हा वाचा. तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर ६५ वॅटच्या प्रोसेसरला आणि एका एसएसडीला १६८ वॅट पुरून उरायला हवेत. म्हणजे तो कमी क्षमतेचा असण्यापेक्षा थकलेला असण्याची शक्यता जास्त.

मल्टिमीटर होता. जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरीच्या पिनांना प्रोब लावले. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, काळी ग्राउंड. एटीएक्स या पीसीच्या मानकानुसार १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. मशीन निवांत असताना मीटरवर ११.८. स्पीड टेस्ट सोडली आणि आकडा उतरायला लागला, ११.६, ११.५, मग ११.३ वर थरथरला आणि स्क्रीन गेली.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एसएमपीएसमधून मदरबोर्डला 'पॉवर गुड' नावाचा एक सिग्नल जातो. व्होल्टेज मर्यादेत असेपर्यंत तो चालू राहतो. तो गेला की बोर्ड प्रोसेसरला तिथल्या तिथे रीसेट करतो, आणि व्होल्टेज सावरलं की मशीन पुन्हा सुरू. म्हणून बंद पडण्याऐवजी रीस्टार्ट, आणि म्हणून निळी स्क्रीन नाही. नोटिसा टाइप करताना प्रोसेसर जेमतेम जागा असतो, तेव्हा थकलेला एसएमपीएसही निभावून नेतो. विंडोजच्या फाइल्स मात्र घट्ट दाबून भरलेल्या असतात, त्या उलगडताना सगळे कोअर राबतात, एसएसडीवर सतत लिहिलं जातं. त्या मशीनला इतकं सलग काम पहिल्यांदाच लागलं होतं.

आणि वॉचमनही खरं बोलत होता. आपल्याकडे ५० हर्ट्‌झची वीज, तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. चांगल्या एसएमपीएसने बाहेरची वीज साधारण १६-१७ मिलिसेकंद गेली तरी आतल्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांच्या, साठ्यावर तग धरायला हवा. कपॅसिटर वाळले की हा साठाच आटतो, आणि मोटरचा एक झटकाही पुरे होतो. खाडीकाठची दमट हवा, आठ पावसाळे, आणि ऑफिसात कुणी नसताना बंद खोली. एसएमपीएसचंही काही चुकलं म्हणता येत नाही.

खात्री करायला दुसरा एसएमपीएस हवा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे गेमिंगचा पीसी आहे. तो स्वतःच खोलून घेऊन आला. "काका, लावून बघा, पण केबल नंतर मीच लावणार, तुम्ही नका लावू." लावला. स्पीड टेस्टला मीटर १२.१ वरून हलेना. वॉचमनला सांगून मुद्दाम मोटर चालू करवली. ट्यूबलाइट मिचकावली, टेस्ट चालूच. मग लगेच त्याच एसएमपीएसवर विंडोज ११ टाकून घेतलं. या वेळी फक्त एसएसडी जोडलेली ठेवली. जुनी हार्डडिस्क लावलेली असेल तर सेटअप कधीकधी बूटच्या फाइल्स तिच्यावर टाकतो आणि पुढे ती काढली की मशीन सुरूच होत नाही. दोन-तीन रीस्टार्ट झाले, सगळे व्हायचे तेव्हाच झाले.

मंगळवारी ट्रेनने ठाण्याला गेलो, जुना एसएमपीएस पिशवीत घेऊन. नौपाड्यात ओळखीचं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याने आधी टेस्टर लावला, सगळे दिवे हिरवे. "बघितलंत? टेस्टरवर लोड नसतो, त्यामुळे हा पास होतो. इथेच लोक फसतात." मग स्क्रू काढून झाकण उचललं. आतल्या कपॅसिटरांपैकी तिघांची डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी खपली. हे घरी उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. आपली २३० व्होल्टची वीज आत डीसी झाली की सुमारे ३२५ व्होल्ट होते, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ती काही काळ राहते. दुकानदारानेही आधी ती उतरवली, मगच बोट घातलं. कपॅसिटर बदलून देतो म्हणाला, पण मी नवाच घेतला, ८० प्लस हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला, १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर ते वाचून. जुना त्याच्याकडेच सुट्या भागांसाठी दिला.

खजिनदार काकांनी जीएसटीचं बिल मागितलं, व्हाउचरवर 'संगणक दुरुस्ती' लिहिलं, आणि मग सावकाश विचारलं, "म्हणजे मोटरचा काही दोष नव्हता ना?" थोडा आहे, असं सांगितलं. दिवा इतका मिचकावतो म्हणजे ऑफिसची लाइन आणि मोटरची लाइन एकाच वायरवर असावी, इलेक्ट्रिशियनला दाखवायला हवी. कॉम्प्युटरला छोटा यूपीएसही हवा. दोन्ही विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर टाकलेत, आणि काकांनी यूपीएससाठी आत्तापासूनच तीन कोटेशनं मागवायला सांगितलीत.