तुम्ही विचारलंत म्हणून: नेटवरचं काही बेकायदाच आहे तर सरकारने ते काढलं तर बिघडलं कुठे?

नाशिकला सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात जाता-येता, लग्नाच्या पंगतीत, परवा तर सलूनमध्ये मान खाली घालून बसलेलो तेव्हासुद्धा हा प्रश्न आलाच. वकीलसाहेब, तुम्ही स्वतः घाणेरडे व्हिडिओ नेटवरून काढायला धावपळ करता, मग सरकार असलं काही पटापट काढायला लागलं की तुम्हीच का कुरकुरता? आता एकदाच लिहून टाकतो.

काढायला माझा विरोध नाहीच हो. मध्यंतरी सिडकोतली एक मुलगी भावाला घेऊन आली. बोलत सगळं भाऊच होता, तिने फोन टेबलावर पालथा ठेवलेला. स्क्रीनशॉट ढीगभर पण एकावरही लिंक नाही, वरची पट्टी कापलेली, आणि ज्या ग्रुपवर व्हिडिओ आला तो ग्रुप भावाने रागाच्या भरात सोडून दिलेला. मग ओळखीपाळखीतून लिंक मिळवली, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार केली, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही मेल टाकला. अशा फोटो-व्हिडिओसाठी २०२१च्या नियमांनी कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली होती, २०२६ला ती आणखी कमी झाली, आणि तो नियम चांगलाच आहे. व्हिडिओ गेला, आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या अकाउंटवरून परत आला. (स्टॉपएनसीआयआय नावाची एक सोय आहे, तुमच्याच फोनवर फोटोचा एक कोड बनतो, फोटो कुठेही जात नाही, फक्त कोड कंपन्यांकडे जातो, त्यावरून त्या तोच फोटो ओळखून अडवतात. हे फारच कमी लोकांना माहितीये.) कंपनीने ऐकलं नाही तर २०२३पासून सरकारने नेमलेल्या अपील समित्या आहेत, पण त्यांनी निकाल द्यायचा ३० दिवसांत. तोवर तो व्हिडिओ अख्ख्या नात्यागोत्यात फिरून झालेला असतो!

म्हणजे देखरेख कमी पडते ती पहिली इथे, जे खरंच काढायला हवं ते निघालं का, परत आलं का, हे बघायला कोणी नाही.

आता दुसरी बाजू. निफाडकडचा एक ओळखीचा पोरगा कांद्याच्या भावावर व्हिडिओ करतो, चिडून बोलतो पण शिवीगाळ नाही. एक दिवस त्याचा व्हिडिओ भारतात दिसेनासा झाला, खाली एक ओळ, कायदेशीर मागणीवरून. मागणी कोणाची, कुठल्या वाक्यावर, काहीच नाही. मला म्हणाला, दादा, माफी मागायला पण तयार आहे, पण कशाची ते तरी सांगा.

सरकारला नेटवरचा मजकूर ब्लॉक करायचा अधिकार देणारं आयटी कायद्याचं कलम ६९-ए आहे, त्याचे नियम २००९चे. कागदावर छान आहे सगळं, समिती बसते, बाजू मांडायला ४८ तास देतात, तातडी असेल तर आधी ब्लॉक आणि मग समिती. पण त्यातला नियम १६ म्हणतो की तक्रार आणि कारवाई गोपनीय. आणि हे आदेश तपासायला जी पुनर्विलोकन समिती आहे तिच्यात सगळे केंद्राचे सचिव, न्यायाधीश एकही नाही. सुनेने केलेला स्वयंपाक सासूने चाखायचा तर ठीक, इथे सूनच करते आणि सूनच चाखते.

२०१२ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून जो खटला उभा राहिला त्यात सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ला ६६-ए, म्हणजे आक्षेपार्ह पोस्टसाठी अटक करू देणारं कलम, रद्द केलं, पण ६९-ए ठेवलं. का ठेवलं, तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्याला कोर्टात आव्हान देता येतं म्हणून. अहो पण आदेशच हातात दिला नाही तर आव्हान कशाला द्यायचं? तनुल ठाकूर यांची हुंड्यावर टोमणे मारणारी 'डाउरी कॅल्क्युलेटर' वेबसाईट २०१८ला ब्लॉक झाली, आणि आदेशाची प्रत त्यांना द्या असं दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं ते २०२२ला. चार वर्षं, तीही नुसत्या कागदासाठी.

त्यात आता गृह मंत्रालयाचं सहयोग पोर्टल आलंय, ते त्याच कायद्याच्या कलम ७९ खाली चालतं (लोकांच्या पोस्टसाठी कंपनीला जबाबदार न धरणारं कलम), म्हणजे ६९-एची समितीबिमितीसुद्धा नाही, अधिकारी थेट कंपनीला कळवतो, हे काढा म्हणून. एक्स (आधीचं ट्विटर) कंपनी विरोधात गेली होती, कर्नाटक हायकोर्टाने २४ सप्टेंबर २०२५ला याचिका फेटाळली. त्यानंतर केंद्राने नियम थोडे आवळले, सरकारकडून साधारण सहसचिव किंवा त्यावरचा आणि पोलिसांत डीआयजी किंवा त्यावरचाच अधिकारी कळवू शकतो, आणि दर महिन्याला सचिव दर्जाच्या माणसाने सगळं तपासायचं. आधीपेक्षा बरंय, खोटं कशाला बोलू. पण तपासणारा परत घरचाच!

आता आपल्याकडे कुंभ आलाय. खोट्या बुकिंगच्या साईटी, बनावट अफवांचे व्हिडिओ यांचा सुळसुळाट होणार हे सांगायला ज्योतिषी नको, आणि ते तासाभरात गेले तर मी स्वतः पेढे वाटीन. पण त्याच झपाट्यात रामकुंडावरच्या घाण पाण्याचा एखाद्याने काढलेला खरा व्हिडिओ गेला, तर त्याला आदेशाची प्रत मिळायला हवी आणि खात्याबाहेरच्या कोणीतरी, शक्यतो निवृत्त न्यायाधीशाने, ती फाईल उघडायला हवी. माझी कुरकुर एवढीच आहे.

आणि घरात कोणाचा फोटो-व्हिडिओ फिरत असेल तर रागाने ग्रुप सोडू नका, आधी लिंक कॉपी करा, तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या आणि मगच या, संध्याकाळी सहानंतर ऑफिसला असतो.