आमची वाटचाल : फायलीकडून पेटीकडे

आमच्या आंब्याच्या धंद्याबद्दल गिरगावात एक वाक्य कायम कानावर येतं, "त्यांचं काय, साहेबांच्या ओळखीवर चाललंय." ओळखीचा नेमका किती उपयोग झाला, हे एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हा प्रपंच.

१९९५ च्या निवडणुकीनंतर मी कोकणातल्या एका आमदारांकडे, म्हणजे त्याच साहेबांकडे, स्वीय सहायक म्हणून लागलो आणि चौदा वर्षं तिथंच राहिलो. आमदार निवासातली एक खोली, गोदरेजचा मराठी टाइपरायटर, आवक-जावकची दोन रजिस्टरं, शिक्क्यांचं पॅड आणि माझी टेलिफोन डायरी एवढाच संसार. मंत्र्यांचे नंबर काय, कुणाकडेही असतात. माझ्या डायरीत कक्ष अधिकाऱ्यांच्या टेबलावरचे नंबर होते, दारावरच्या शिपायांची गावं होती आणि कोण किती वाजता डबा उघडतो तेही पेन्सिलीनं टिपलेलं होतं. मंत्रालयात काम करून घ्यायचं तर ही पेन्सिलीची टिपणंच कामाला येतात.

शेरे वाचायलाही तिथंच शिकलो. "योग्य ती कार्यवाही करावी" याचा अर्थ विसरा. "तपासून सादर करावे" असेल तर आशा आहे. आणि शेऱ्याखाली तारीख नसेल, तर पहिल्या जिन्यावरूनच परत फिरून तारीख घालून घ्यावी. जाता जाता सांगतो, अर्ज एका पानाचा, एकाच विषयाचा असावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिकली-सवरलेली माणसंसुद्धा पोच घेत नाहीत आणि मग वर्षभर सांगत फिरतात, "दिला होता हो अर्ज."

शेतीमालाच्या धंद्यात मी आलो तो पट्ट्यांमुळे, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांमुळे. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, शंभर टक्के अनुदानावर. आमच्याकडे माळच्या माळ कलमांनी भरले. ती कलमं धरायला लागली तसा वाशीच्या घाऊक बाजारात जाणारा आंबा वाढला आणि आमच्या खोलीत वेगळेच अर्ज यायला लागले. बदली नाही, रस्ता नाही, विहीर नाही. माणूस खिशातून घामानं मऊ झालेली अडत्याची पट्टी काढायचा, टेबलावर तळहातानं सरळ करायचा आणि गप्प बसायचा. पेट्या इतक्या, भाव इतका, वजा अडत, वजा हमाली, वजा तोलाई, वजा वाराई, वजा मोटारभाडं. खाली उरलेला आकडा बघून मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. यावर साहेबांचं पत्र कुणाला द्यायचं? पत्र दिलंही असतं, पण भाव ठरतो रुमालाखाली, अडत्याच्या आणि व्यापाऱ्याच्या बोटांवर. आंबा ज्याचा, तो शेजारी उभा असूनही त्याला तो कळत नाही.

२००९ च्या निवडणुकीनंतर मी नोकरी सोडली. २०१० च्या हंगामात देवगडच्या एका बागायतदाराबरोबर भागीदारीत फर्म काढली. बाग त्याची, मुंबई माझी. आम्ही त्याला भाऊ म्हणतो, इथंही तेवढंच नाव पुरे. काम साधं होतं : गावोगावच्या बागायतदारांचा आंबा सोसायट्यांत, ऑफिसांत, मैदानांवरच्या विक्रीत थेट न्यायचा, शेतकऱ्यालाच टेबलामागे उभा करायचा आणि जागा, परवानगी, जाहिरात, हिशेब आम्ही बघायचा.

भाऊनं पहिल्याच वर्षी मला झेला हातात दिला. दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला, लांब काठी, पुढे जाळी, पात्यावर देठ कापला जातो. आंबा देठासकट उतरला पाहिजे, नाहीतर चीक फळावर ओघळतो आणि तो डाग पिकल्यावर काळा पडतो. दोन तासांत माझे खांदे भरून आले आणि जाळीत चार आंबे बिनदेठाचे. भाऊ म्हणाला, "आंबो बोलता, पण आयकूक व्हया." मला आजही फळ ऐकू येत नाही, पण बिनदेठाचा आंबा पेटीत जाऊ देत नाही.

गिऱ्हाइकांत पहिलं नाव गिरगावच्या मुगभाटातल्या आजींचं. पहिल्या वर्षी आल्या, पेटीचं झाकण स्वतः उचकटलं, वरचा थर सोडून खालच्या थरातला आंबा काढला. दाबला नाही. देठाकडे नाक नेऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पेंढ्यातला आहे. पावडरीचा नाही." कार्बाइडचा आंबा बाहेरून सारखा पिवळा होतो, पण देठाशी वास नसतो आणि आत आंबट राहतो. (रायपनिंग चेंबरमधल्या इथिलीन वायूला नावं ठेवू नका, ते वेगळं. फळ तयार उतरवलेलं असेल तर चेंबरमध्येही नीट पिकतं. कोवळं उतरवलेलं कशातच पिकत नाही.) दर वर्षी पाडव्याच्या आधी त्यांचं पाकीट यायचं, आत दोन पेट्यांचे पैसे आणि चिठ्ठी : "साका निघाला तर कळवीन." साका म्हणजे आतला गर पांढरट, आंबट राहणं; तो बाहेरून दिसत नाही, त्यात बागायतदाराची लबाडी नसते, हे त्यांना तीन वर्षं समजावलं. पटलं नाही, पण पाकीट चुकलं नाही.

आता २०१४.

एका उपनगरातल्या सार्वजनिक मैदानावर एप्रिलअखेर आठ दिवसांची विक्री करायचं ठरवलं होतं. अर्ज डिसेंबरमध्ये, एका पानाचा, पोच घेतलेला. ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि आमची फाईल त्याच टेबलावर बसली. आंब्यात कसलं राजकारण, असं मी विचारलं. तिथल्या माणसानं डायरीतल्या ओळखीला जागून चहा पाजला आणि सांगितलं, "तुम्ही साहेबांकडे होतात ना, म्हणूनच कुणी सही करत नाही." चौदा वर्षांची ओळख अशी कामाला आली.

साहेबांना फोन केला. ते प्रचारात. म्हणाले, "निकाल लागू दे, मग बघू." मुंबईचं मतदान २४ एप्रिलला, निकाल १६ मेला. आंब्याला कोण सांगणार की निकालापर्यंत थांब?

आमदार निवासात माझ्याच शेजारच्या खोलीत दुसऱ्या एका आमदारांकडे काम करणारा एक गृहस्थ आमचं बघून याच धंद्यात उतरला होता. मार्चमध्ये तो चाळीस क्रेट मागायला आला. हिरवे, प्लास्टिकचे, बाजूला तेलरंगात लाल "गि", ही आमची खूण. "चार दिवसांत परत करतो." दिले. त्यानं खासगी कार्यालयाचं आवार भाड्यानं घेतलं, तिथं मैदानाच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. हे त्याला सुचलं, मला सुचलं नाही, इतपत श्रेय देतो. पण तिथं विकला काय? मी स्वतः जाऊन पाहिलं. देवगड छापलेल्या खोक्यात कर्नाटकचा आंबा, खाली अंथरायला कन्नड वर्तमानपत्र. ते बदलायचीही तसदी घेतली नव्हती. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो, स्वस्तात गोड लागतो, त्याच्या नावानं विका ना! रांग मात्र गेटबाहेर होती.

त्यात १ मेपासून युरोपीय संघानं आपला आंबा बंद केला. आधीच्या वर्षीच्या मालात फळमाशी सापडली होती म्हणून आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळूही बंद. निर्यातीसाठी राखलेला माल वाशीकडे वळला आणि भाव खाली आले. आम्ही बागायतदारांना फेब्रुवारीतच भाव बांधून दिला होता, लेखी. लेखी देण्याची खोड मंत्रालयातली. परळला भाड्याच्या गाळ्यात सहाशे पेट्या पेंढ्यात पिकत होत्या आणि मैदान नव्हतं. रात्री शटर उघडलं की वास अंगावर यायचा. ज्या वासासाठी लोक पैसे मोजतात, त्या वासानं मला मळमळायचं. रोज पेट्या फोडायच्या, डागी फळ बाजूला, बाकीचं पुन्हा थरात. हाताला चिकाचे फोड आले होते.

भाऊ गावाहून आला, गाळ्यात फिरला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्यानं प्रत्येक बागायतदाराच्या अंगणात बसून अर्धे पैसे गणपतीपर्यंत थांबवून घेतले. दोघं थांबले नाहीत. त्यांना त्यानं स्वतःचा आंबा पल्पसाठी कॅनिंगच्या कारखान्याला घालून आलेल्या पैशांतून चुकतं केलं. मला हे दोन वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं.

मुगभाटात पेट्या पोचवायला गेलो तेव्हा आजींनी माझे हात बघितले. खुर्ची घेऊन खाली चाळीच्या चौकात बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या, "हा माझा आंबेवाला, दोन पेट्या घे." घासाघीस करणाऱ्याला म्हणायच्या, "मग वाशीला जा." दोन दिवसांत सत्तर पेट्या गेल्या. बाकीच्या आम्ही टेम्पोतून सोसायट्यांच्या गेटवर विकल्या आणि शेवटचा माल कॅनिंगला घातला. १६ मेला निकाल लागला तोवर आमच्या आंब्याचा पल्प झाला होता. मैदानाच्या परवानगीचं पत्र जूनमध्ये, पावसात आलं. ते मी जावक क्रमांकासकट जपून ठेवलंय.

पुढच्या जानेवारीत युरोपनं आंब्यावरची बंदी उठवली. २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत गेली, आठवडी बाजार निघाले. ती वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं फार नाही. भाऊ वयामुळे भागीदारीतून बाहेर पडला, आंबा अजून त्याचाच येतो. २०२० च्या मेमध्ये वाशीचा बाजार आठवडाभर बंद होता, तेव्हा आम्हाला फोन उचलायला फुरसत नव्हती. पुढच्या वर्षी तौक्ते वादळानं भाऊची कलमं मोडली. मोडलेलं कलम पुन्हा उभं करता येत नाही, नवं लावून वर्षानुवर्षं वाट बघायची.

नवीन मुलं विचारतात, ॲप काढू का. काढा. पण आधी एक हंगाम पेट्या भरा आणि उधारीची वही दोन ठिकाणी ठेवा.

आणि ते क्रेट. २०१४ चा जून, मग दिवाळी, मग पुढचा हंगाम, चार वेळा मागितले. "गोडाऊनमध्ये आहेत, पाठवतो." परवा एका प्रदर्शनात त्याचा स्टॉल होता, नीटनेटका, मागे त्याच्या सत्काराचा मोठा फोटो. तो गिऱ्हाइकात गुंतला होता. टेबलाखाली हिरवे क्रेट रचलेले, प्रत्येकावर त्याच्या फर्मचा गोल स्टिकर. मी वाकून एकाचा कोपरा नखानं उचलला. खाली लाल तेलरंगात "गि" होता.