जॉन चेंबर्स आणि फोर्ट्रानभोवतीचं वेष्टण

संख्याशास्त्रासाठीची आर ही संगणकभाषा रोज वापरणाऱ्यांनाही जॉन चेंबर्स हे नाव पुष्कळदा माहीत नसतं, याची खंत वाटते. टोरांटोहून १९६३ साली पदवी, हार्वर्डहून १९६६ साली संख्याशास्त्रात पीएचडी आणि त्याच वर्षी बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत नोकरी. मे १९७६मधल्या एका बैठकीसाठी त्यांनी एक आकृती काढली: मध्ये फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतलं गणित, भोवती ते वापरणाऱ्याशी जोडणारं वेष्टण. आरची पूर्वज असलेली एस भाषा उभी राहिली ती या कल्पनेवर.

वेष्टण कशाला? फोर्ट्रानमध्ये साधं रिग्रेशन (आकड्यांना रेषा बसवणं) करायचं तरी ॲरेचे, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचे, आकार आधी सांगा, ओळी-स्तंभांची संख्या वेगळी पाठवा, मधल्या हिशेबासाठी जागा राखा. एखादा आकार चुकला तर प्रोग्राम कोसळायचा, नाहीतर निमूटपणे चुकीचं उत्तर द्यायचा. हे दुसरं जास्त वाईट. एसमध्ये डेटाची लांबी डेटाबरोबरच असते. नाव लिहा, उत्तर पाहा, लगेच पुढचा प्रश्न विचारा.

सहकारी रिक बेकर आणि ॲलन विल्क्स यांच्यासोबत मांडलेल्या एसच्या १९८८च्या आवृत्तीत मॅक्रो (मजकुराच्या जागी मजकूर घालणारे आधीचे शॉर्टकट) गेले, फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा हिशेबाचा तुकडा, हीच डेटासारखी एक वस्तू झाली. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. १९९२ साली मॉडेलची सूत्रं आणि डेटा फ्रेम, म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता, आली.

डेटा फ्रेमबरोबर फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांपैकी (पातळ्यांपैकी) एक मूल्य घेणारा स्तंभ, हाही रुळला, आणि तिथे आजही लोक फसतात. ५, १०, २० हे आकडे मजकूर म्हणून आत आले आणि फॅक्टर बनले, की पातळ्या मजकुराच्या क्रमाने लागतात: १०, २०, ५. आत साठतात ते फक्त पातळीचे क्रमांक. त्यामुळे फॅक्टरचं थेट संख्येत रूपांतर केलं तर ५च्या जागी ३ मिळतात, १०च्या जागी १. एररही येत नाही. आधी मजकूर करा, मग संख्या. मजकुराचा आपोआप फॅक्टर होणं आर ४.०.०मध्ये, २०२० साली, बंद झालं.

एससाठी एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा १९९८चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार चेंबर्सना मिळाला, तेव्हा त्या पैशातून त्यांनी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनमार्फत तरुणांच्या सॉफ्टवेअरसाठी पारितोषिक सुरू केलं. ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी एसच्या धर्तीवर आर लिहिली, तर चेंबर्स तिच्याही कोअर टीममध्ये, म्हणजे ती सांभाळणाऱ्या मुख्य गटात, सामील झाले. आजही आरमध्ये एलएम हे रिग्रेशनचं फंक्शन चालवा: आत खोलवर क्यूआर विघटन (तक्ता दोन सोप्या भागांत फोडणं) करतो तो लिनपॅक या जुन्या गणिती संचावर बेतलेला फोर्ट्रान कोडच.