दोरी किती मीटर आणायची?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी "शाळेविषयी चार ओळी लिहा" असा कमिटीचा मेसेज आला, आणि खरं सांगतो, शाळा वगैरे नंतर, आधी आपले भूमितीचे सरच आठवले. बाकीच्या सर-मॅडमनी रागावू नये, त्यांच्यावर लिहायला बाकी मंडळी आहेतच.

सरांकडे 'उंची आणि अंतरे' शिकलेल्यांना माहितीय, पुस्तकातलं ते दीपगृह आणि समुद्रातली बोट सर दोन मिनिटांत उरकायचे. "इथं समुद्र कुठला, चला बाहेर." आमच्या दहावीच्या वर्षी जानेवारीत ध्वजस्तंभाची दोरी कुजून तुटली, २६ तारीख तोंडावर आलेली. शिपाईमामा म्हणाले २५ मीटर आणतो, उरली तर विहिरीला होईल. सर म्हणाले, थांबा, पोरं सांगतील किती ते.

कंपासपेटीतलं कोनमापक घेतलं, त्याच्या सरळ कडेला रिकाम्या बॉलपेनची नळी चिकटपट्टीनं चिकटवली, मधल्या भोकातनं दोरा ओवून खाली सायकलच्या दुकानातला नट बांधला. झालं यंत्र! एकानं नळीतनं वरची कप्पी बघायची, दुसऱ्यानं दोरा कुठल्या आकड्यावर थांबतो ते वाचायचं, ९० मधनं तो वजा केला की उन्नत कोन, म्हणजे नजर आडव्या रेषेपासून किती वर गेली ते. वारा सुटला की नट झोके घेत बसायचा, वाचणारा वैतागायचा, आणि सर म्हणायचे, "थांबेल रे, तोवर एकोणतीसचा पाढा म्हण."

कोन ४५ येईपर्यंत मागं मागं सरकायचं, कारण टॅन म्हणजे उंची भागिले अंतर, आणि टॅन ४५ म्हणजे १, खांबापासून जेवढं लांब तेवढीच उंची. टेप लावला, साडेसात मीटर. एकजण लगेच ओरडला, सर, साडेसात! सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "डोळे काय जमिनीत पुरलेत का तुझे?" मग त्याच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजली, १.४ मीटर, ती मिळवून ८.९. तरी सरांचं समाधान नाही. "आता १३ मीटरवर जा, तिथं ३० आला पाहिजे." टॅन ३० म्हणजे एक भागिले वर्गमूळ ३, म्हणून साडेसात गुणिले वर्गमूळ ३, साधारण १३. दोरा बरोब्बर ६० वर थांबला, म्हणजे कोन ३०. टॅन ३० आम्हाला पाठ होता, पण तो मैदानावर असा हजर होईल असं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. दोरी वर जाऊन खाली येते म्हणून दुप्पट, गाठींना थोडी जास्त, १९ मीटर मागवली आणि पुरली. विहिरीला काही उरलं नाही म्हणून मामा बरेच दिवस सरांशी तुटक बोलत होते!

आता माझं सांगलीत सोलरचं काम आहे, देवाच्या दयेनं बरं चाललंय. आपण साधारण १७ अक्षांशावर, म्हणून पॅनल दक्षिणेकडं तोंड करून तेवढेच कलते ठेवतो. साइन म्हणजे उंची भागिले तिरकी लांबी, साइन १७ म्हणजे ०.२९, २ मीटरच्या पॅनलची मागची बाजू ५८ सेंटिमीटर वर, पोरं नुसता टेप लावून स्टँड कापतात, कोनमापक लागतच नाही. सावलीचंही तेच. डिसेंबरात भर दुपारी सूर्य इथं ५० अंशांच्या आसपासच चढतो, गच्चीच्या एक मीटर उंच कठड्याची सावली ८५ सेंटिमीटर पडते, सकाळ-संध्याकाळची तर त्याहून लांब. गिऱ्हाईक म्हणतं कठड्याला चिकटून लावा, जागा वाचेल, मी म्हणतो नाही. एवढं ठासून 'नाही' म्हणायला सरांनीच शिकवलं.

मागच्या वेळी आलो तर मैदानाच्या निम्म्या भागावर नवी इमारत झालीय. छान आहे, पण खांबापासून १३ मीटर मागं जायला जागाच राहिली नाही, भिंत येते मधे. आणि पोरं मोबाइलवर कोन बघतात म्हणे. बघू देत, पण डोळ्याची उंची मिळवतात का कुणी?

कमिटीला एक विनंती. दहावीच्या वर्गासाठी लाकडी मोठी कोनमापकं आणि दोरा-नट मी पाठवतोय, ती प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. हरवली तर परत पाठवीन.